पाण्यातली जोड

संयोगिताला नदीचं पाणी आवडायच्या आधी तिथली थट्टा आवडली.

काठावर कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. माणसं अर्धवट झोपेत यायची, कपड्यांच्या घड्या पायरीवर राखण करत बसणाऱ्या म्हाताऱ्या हरणाबाईंच्या शेजारी ठेवायची आणि मुकाट्यानं घाटाच्या पायऱ्या उतरायची. पण पाणी गळ्याशी आलं रे आलं की त्याच माणसांना कंठ फुटायचा. बँकेतला साहेब पाण्यात भाजीवाल्याच्या शिव्या खायचा आणि वर खूश असायचा. बाहेर येऊन अंग पुसलं की पुन्हा 'या साहेब, बसा साहेब' सुरू.

या सगळ्यांचे म्होरके नानासो. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, आणि आवाज अजून घाटातल्या हॉर्नसारखा. संयोगिता चार हात मारायची की मान मागं वळवून पायरीकडं बघायची. पायरीवर तिची ईश्वरी बसलेली असे, पहिलीतली, हरणाबाईंच्या पदराशी खेळत. ते नानांच्या नजरेतून सुटत नसे.

"संयोगिताऽऽ! पोर हाय गं पायरीवर! न्हाई पळून गेलं!"

नदीभर हशा व्हायचा. कुणीतरी लांबून पुस्ती जोडायचं, "तिला दोरी बांधून आण की बरोबर, शेळीसारखी!" संयोगिताही हसायची. नवऱ्याच्या बदलीनं आणि मुलीच्या शाळेनं एकट्या पडलेल्या बाईला गावात कुणीतरी नाव घेऊन चिडवतंय, हे काही कमी नव्हतं.

ती कडेगावची, ऊसवाल्या घरातली. घरच्या मळ्यात मोठी विहीर होती, भाऊ त्यात दिवसदिवस डुंबायचे. मुलींनी तिकडं फिरकायचं नाही असा दंडक. नवरा पृथ्वीराज फौजेत, कुठल्याशा बर्फाच्या चौकीवर. ईश्वरीच्या शाळेसाठी ती सांगलीत खोली घेऊन राहिली, तेव्हा घरमालकानं पहिल्याच दिवशी जिन्यातली महापुराची खूण दाखवली, एखाद्यानं घरचं देवघर दाखवावं तशी. बी.एस्सी. झालेल्या बाईनं खुणेला घाबरू नये. पण तो अख्खा पावसाळा ती रात्री उठून पोरीच्या अंगावरचं पांघरूण चाचपायची, आणि मनात एकच यायचं: पाणी आलं तर हिला घेऊन मी दोन हातसुद्धा जाऊ शकणार नाही.

म्हणून ती उन्हाळ्यात पोहायला शिकली. पाठीला प्लास्टिकचा कॅन बांधून तिला शिकवलं ते सोनमनं.

सोनम आटपाडीकडची. तिच्या लहानपणी तिकडं पोहायला सोडाच, मेंढरांना पाजायला पाणी मिळालं तरी सण वाटायचा. लग्न होऊन सांगलीत आली, नवऱ्याबरोबर स्टँडमागं खानावळ काढली, आणि एका सकाळी जी नदीत उतरली ती उतरलीच. "जलमभराच्या राहिलेल्या आंघोळी फेडून घेतीया," म्हणायची. संयोगिता पाण्यात अंग चोरायची तशी सोनम तिला दरडावायची, "नदीला पाव्हणी असल्यागत लाजू नगंस! पाय मार, पाय!"

"सोनम, इथं मगर असते म्हणतात."

"असती की. पर ती बी सांगलीचीच. भडंग खाऊन पडली असंल कुठंतरी."

दिवाळीच्या तोंडावर कॅन सुटला, आणि सोनमनं सगळ्यांदेखत जाहीर केलं, "ही माझी जोड."

त्या घाटाची ती रीत होती. पलीकडं सांगलवाडीच्या काठाला जायचं तर एकट्यानं नाही. आखाड्यात पैलवानांची असते तशी पाण्यात प्रत्येकाची जोड ठरलेली. जोडीला हाक दिल्याशिवाय मध्येच वळायचं नाही, आणि जोड पाण्यात असताना आपण काठावर चढायचं नाही. कुणी हे कुणाला शिकवत नसे. नवा माणूस बघून बघून शिकायचा. बाकी पाण्यात काहीही चाले. पाय ओढा, तोंडावर पाणी मारा, बापाचा उद्धार करा. एवढं मात्र नाही.

फोनवर संयोगितानं नवऱ्याला सांगितलं, "मला जोड मिळाली." तो हसला, "मग मी काय?" ती म्हणाली, "तुम्ही पाण्यात कुठं असता?"

थट्टा मात्र जोडीनंतर वाढली. आता ती नदीच्या मध्यापर्यंत जायची आणि तिथून मान वळवायची, म्हणून नानांना आणखी चेव. एकदा त्यांनी पलीकडच्या काठावरून अशी हाक मारली, "संयोगिताऽऽ, अगं, पोर बघ!" की तिनं गर्रकन मान वळवली. ईश्वरी पायरीवर केळं खात होती. सगळे हसले. त्या दिवशी संयोगिता हसली नाही. 'हे आता अति होतंय,' असं तिच्या मनात आलं, आणि ते तिनं मनातच ठेवलं. चिडलेली दिसली तर उद्यापासून चिडवणार नाहीत, ही भीती त्याहून मोठी.

अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि पाणी चहासारखं गढूळ होतं, तेव्हाची ही सकाळ. दोघी निघाल्या. सोनम नेहमीसारखी पुढं. मध्यावर संयोगितानं मान वळवली. पायरीवर कपड्यांचा ढीग होता, शेजारी हरणाबाई होत्या. ईश्वरी नव्हती.

ती वळली. विचार करून वळली असती तर कदाचित तोंडातून हाक गेली असती. पण त्या घटकेला तिच्यापुरती नदीत सोनम नव्हतीच; नदी म्हणजे ती आणि ती रिकामी पायरी, एवढंच. कशी आली, किती पाणी प्याली, तिला पुढं कधी आठवलं नाही. पायऱ्यांवर ढोपर फुटलं. धावत वर गेली तर घाटाच्या भिंतीमागं ईश्वरी उकिडवी बसून कुत्रीची पिल्लं मोजत होती.

"आई, एकाचा डोळाच उघडत नाही."

संयोगितानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला उराशी ओढलं. पोर रडायला लागली. ओढत तिला पायरीशी आणलं, टॉवेल घेतला आणि पोरीचे भिजलेले कपडे पुसू लागली. भिजवलेही तिनंच होते.

नदीतून हाक आली. "संयोगिताऽऽ!" सोनमची. मग नानांची, मोठी. मग पुन्हा सोनमची.

हरणाबाईंना लांबचं धूसर दिसे. त्या म्हणाल्या, "अगं, तुला हाका मारत्यात."

"मारू देत," संयोगिता दातओठ खात म्हणाली. "रोजचंच आहे त्यांचं."

आणि ती पोरीच्या केसांना टॉवेल घासत राहिली. दिसली असेल मी पळताना, आता आठवडाभर पुरेल यांना, असं म्हणत राहिली मनाशी. मग हाका थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा तिनं मान वर केली.

मध्यावर डोकी गोळा झाली होती. कुणी बुडी मारत होतं, कुणी वर येत होतं. थोड्या वेळानं नाना एका हातानं पाणी कापत येताना दिसले. दुसऱ्या हातात सोनम होती, लुगड्याच्या पिळ्यासारखी. तिला पायरीवर पालथं घातलं. ती गढूळ पाणी ओकली, खोकली, पुन्हा ओकली. मग तिची नजर वर गेली आणि समोर टॉवेल हातात घेतलेली संयोगिता दिसली.

"हायस? हायस व्हय तू?"

सोनमनं उठून तिच्या खांद्यावर एक जोराची चापट मारली, मग तिच्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता हसली. "बुडालीस म्हणून तळ हुडकत हुते की गं तुझ्यासाठी!"

"ईश्वरी दिसली नाही मला... पायरीवर नव्हती..."

"हाक द्याची न्हवं, पोरी?" नाना धापा टाकत म्हणाले. "एक हाक!"

"नाना, गप ऱ्हावा तुमी," सोनम म्हणाली. "पोर दिसंना झाल्यावर तुमी सुदिक वळला असता, आन् एसटी तिथंच सोडून!"

सगळे हसले. वरच्या गाड्यावर चहा सांगितला गेला. सोनम दोन्ही हातांत ग्लास धरून कुडकुडत होती. संयोगितानं स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली होती. सगळं निभावलं होतं.

तेवढ्यात हरणाबाई, संयोगिताची बाजू घ्यायला म्हणून, बोलल्या. "लेकराच्या काळजीत कुठलं भान असतंय माणसाला? मी म्हणलं की हिला, हाका मारत्यात गं तुला. ही म्हणती, मारू देत, रोजचंच हाय त्यांचं. इतकी घाबरली हुती बिचारी."

गाड्यावरचा स्टो तेवढा वाजत राहिला.

सोनमनं ग्लास खाली ठेवला. "ऐकलं हुतंस तू?"

"मला वाटलं... चेष्टा करताय."

"नानाची चेष्टा. बरं." सोनम तिच्याकडं बघत होती. "माझी बी?"

नाना चहाच्या ग्लासात बघत राहिले. बँकेतला साहेब घड्याळ बघून म्हणाला, "चला, उशीर झाला." आणि एकेक करून सगळे उठले. शाल घडी करून बाकड्यावर ठेवलेली होती.

कुणी भांडलं नाही. कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी संयोगिता आली तेव्हा नानांनी पायरीवर तिला जागा करून दिली. "सांभाळून ताई, शेवाळ हाय." ताई! ती काठाकाठानं पोहली. चार हात मारून मान वळवली, पायरीवर ईश्वरी होती. पुन्हा वळवली. नदीत भरपूर माणसं होती आणि एकही हसलं नाही. तिनं मुद्दाम तिसऱ्यांदा वळून पाहिलं, जरा जास्तच लांबवून. नानांनी पाहिलं, आणि त्यांनी पाठ फिरवून दुसरीकडं हात मारले. ज्या थट्टेचा तिला राग आला होता, तीच आता कुणीतरी भीक घालावी तशी घालावी म्हणून ती पाण्यात थांबली होती.

सोनम त्या आठवड्यात आलीच नाही. शेवटी संयोगिता खानावळीत गेली. दुपारची गर्दी ओसरली होती. सोनम चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. बाजूला तिचा तीन वर्षांचा यशराज पिठात बोटं घालून बसला होता.

"ये, बस," सोनम म्हणाली. "जेवलीस?"

"मी माफी मागायला आले."

"कशाची? पोरासाठी वळलीस त्याची? ती न्हाई मागायची. मी बी वळले असते."

"न ऐकल्यासारखं केलं त्याची."

सोनमनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी फिरवलं. "राग न्हाई गं मला. राग असता तर शिव्या दिल्या असत्या आन् मोकळी झाले असते." मग तव्याकडंच बघत म्हणाली, "खाली गाळ हुता. हातात शेवाळ आलं. मला वाटलं, तुजं केस. वढलं, तर निसटलं. परत बुडी मारली. परत. आन् तवा तू वर टॉवेलनं पोर पुशीत हुतीस. हाक ऐकत."

"पुन्हा कधी होणार नाही, सोनम. ईश्वरीची शपथ."

"लेकराची शपथ घालू नगं. तुज्याकडनं न्हाईच व्हायचं परत, ते कळतंय मला." तिनं भाकरी उलटली. "पर आता पाण्यात मला सारखं तुज्याकडं बघावं लागंल. ही हाय का, वळली का, ऐकती का. मग मी पवू कवा? तेवढ्यासाठी तर येते मी, घडीभर कुणाकडं बघावं लागू नये म्हणून."

संयोगिताला हे नको इतकं समजलं. रोज पाण्यात तीही तेच शोधत होती, आणि तिला ते कधी जमलं नव्हतं.

संयोगिता जायला उठली तशी सोनमनं हाक मारली. "रेश्मा येतीया उद्यापासनं. शेजारची. तिच्याबरं जाईन म्हणते." तिनं यशराजच्या बोटांचं पीठ पुसलं. "सासूबाई आटपाडीला गेल्यात, डाळिंबाची तोड हाय. यश्याला घाटावर कुणापाशी ठिवू? हरणाबाईला दिसत न्हाई. तू बसशील त्याच्यापाशी? लेकराकडं तुज्याएवढं कोण बघतंय?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"बसेन की," संयोगिता म्हणाली.

सकाळी ती सलवार-कमीजच्या आत पोहण्याचे कपडे घालून आली होती. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सोनमनं यशराजला तिच्या मांडीवर दिलं, त्याच्या कानटोपीची गाठ मारली आणि ती पायऱ्या उतरली. रेश्मा पाण्याला भीत होती. नानांनी लगेच सुरुवात केली, "ए पोरी, नदीत विंचू चावत न्हाई! घाल की अंग!" हशा उठला. रेश्मा लाजली, ओरडली, आणि शेवटी पडली पाण्यात.

यशराज खालच्या पायरीकडं झेपावू लागला. संयोगितानं त्याला घट्ट धरलं. दुसऱ्या हातात ईश्वरीचा फ्रॉक. समोर दोन डोकी नदीच्या मध्याकडं चालली होती, एक सरळ, एक जरा वाकडं वाकडं. मध्यावर रेश्मा थांबली, मागं वळून बघू लागली. सोनमनं तिला काहीतरी म्हटलं आणि दोघी पुढं गेल्या.

पलीकडच्या काठाला लागेपर्यंत सोनमनं पायरीकडं एकदाही वळून पाहिलं नाही.