लाइट परत आली, तेव्हा मी गप्प राहिलो

मी रिले बोलतोय. नाव ऐकलं नसेल तरी हरकत नाही, आमच्या जातीला कुणी सहसा बघत नाही. इंदूरहून हातोदकडे जाताना पोह्यांची एक मिल लागते. तिथल्या लोखंडी पॅनलमध्ये माझा मुक्काम. काडेपेटीएवढा देह आणि अंगावर पारदर्शक झाकण.

केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून माझी कॉइल केली. तिच्यासमोर लोखंडाची पट्टी बसवली, पट्टीला स्प्रिंग लावली. कॉइलमध्ये थोडी वीज आली की ती चुंबक होते, पट्टीला ओढून घेते आणि पलीकडची वाट जोडली जाते. वीज थांबली की स्प्रिंग पट्टीला सोडवून आणते. माझ्या एका अंगाला बटणाची चोवीस व्होल्टची गरीब वीज, दुसऱ्या अंगाला मोटर चालवणारी दांडगी. दोघींची गाठ मी पडू देत नाही. इकडचा निरोप तेवढा तिकडे पोचवतो.

कृष्णपुऱ्याजवळच्या एका दुकानातून विनीताने मला विकत घेतलं. ती एका कंपनीत कंट्रोल पॅनल बनवण्याचं काम करते. मिल तिच्या नवऱ्याची, दौलतरावांची. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. आता घरातला दरारा फक्त सखुबाईंचा, म्हणजे दौलतरावांच्या आईचा.

भाजलेलं धान किती गरम असताना रोलरखाली जायला हवं, हे सखुबाईंच्या तळहाताला कळायचं. जरा थंड झालं की पोह्याचा चुरा होतो. पण भिंतीवरचा जुना खटका ओल्या हाताने ओढताना त्यांना जबरदस्त करंट बसला आणि दौलतरावांनी त्यांचं मशीनजवळ जाणंच बंद केलं. त्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसायच्या. चुऱ्याची पोती वाढत गेली आणि सखुबाईंचं बोलणं कमी होत गेलं.

एका रविवारी विनीताने खटका काढून पॅनल बसवलं. हिरवं बटण, लाल बटण आणि आत मी.

"मला नाही जमायचं हे बटन-वटन," सखुबाई म्हणाल्या. "एकदा करंट खाल्ला, बस झालं."

विनीताने बादलीत हात बुडवला आणि तसाच हिरव्या बटणावर ठेवला. मी पट्टी ओढली. रोलर फिरू लागला. तिने हात उचलला तरी मी पट्टी सोडली नाही, कारण एकदा ओढली की माझाच एक जोड कॉइलची वीज टिकवून धरतो, लाल बटण दाबेपर्यंत किंवा लाइट जाईपर्यंत.

"आई, मोटरचा करंट या बटनापर्यंत येतच नाही. मधे हा रिले आहे."

"दौलतला सांगितलंस, मी चालवणार म्हणून?"

"त्यांना पहिले चालू मशीन दाखवू. मग सांगू."

तापल्या तव्याला बोट लावावं तसं सखुबाईंनी बटण दाबलं. रोलर फिरला. लाल दाबलं, थांबला. मग त्यांना नादच लागला. चालू, बंद, चालू, बंद. मीही जोरात होतो. आवाज ऐकून दौलतराव धावत आले.

"आई, हे काय चाललंय?"

"मशीन," सखुबाई म्हणाल्या.

दौलतरावांना ते फारसं पटलं नाही, पण पोहे पुन्हा अखंड निघायला लागले तेव्हा त्यांनी आईला अडवलं नाही.

मग एका दुपारी लाइट गेली. रोलरच्या तोंडाशी गरम धान अडकलं होतं. जुन्या सवयीने दौलतरावांनी मनगटापर्यंत हात आत घातला. आणि लाइट आली. वरचा पंखा फिरला, दिवे लागले.

"दौलत, हात काढ!" सखुबाई ओरडल्या.

त्यांनी हात ओढून घेतला. रोलर मात्र जागचा हलला नव्हता. लाइट गेली तेव्हाच माझी पट्टी सुटली होती, आणि नंतर हिरवं बटण कुणी दाबलंच नव्हतं. निरोपच नाही, तर मी पोचवू काय? जुना खटका असता तर तो चालूच राहिला असता आणि वीज येताक्षणी रोलर फिरला असता.

दौलतराव पोत्यावर बसले. आधी घाम पुसला, मग फोन लावला.

"विनीता, लाइट आली, पण मशीन आपोआप चालू नाही झालं. काही खराब झालंय का?"

"अहो, खराब नाही. तसंच बांधलंय. कुणी बटन दाबेपर्यंत ते चालू होणार नाही." ती थांबली. "पण तुमचा हात कुठे होता?"

सखुबाईंनी फोन घेतला. "दहाही बोटं शाबूत आहेत. घरी आलीस की सांगते. आणि येताना गरम जलेबी घेऊन ये, जास्तच आण."

पुढच्या रविवारी विनीताने मेन स्विचला कुलूप लावायची सोय केली. आता रोलरमध्ये हात घालायचा तर आधी मेन बंद, मग कुलूप. चाबी सखुबाईंच्या कमरेला. दौलतरावांनाही ती मागून घ्यावी लागते, आणि ते मुकाट्याने मागतात.

आता भट्टीचा पंखाही बटणावर आलाय, त्यामुळे मला पॅनलमध्ये शेजारी मिळाला आहे. माझे संपर्क, म्हणजे वाट जोडणारी टोकं, कधीतरी झिजतील, तेव्हा मला खुशाल बदला. फक्त एवढं ऐका: लाइट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं कधी धरून चालू नका, आणि सगळा भार माझ्या एकट्यावर टाकू नका.

आज सकाळी सुरभी नावाची एक बाई मिलमध्ये कामाला लागली. मशीनसमोर आल्या आल्या तिने हिरव्या बटणाकडे हात नेला. सखुबाईंनी तो अलगद बाजूला केला.

"लाल पहिले शिक गं," त्या म्हणाल्या. "हिरवं तर कुणालाही येतं."