अर्धं दुकान

मी एक उशी बोलतेय. डोक्याखाली घेतात तसली नव्हे. मी ओंजळीत मावेन एवढी, गोल, जुन्या चादरीच्या कापडाची. आत पिंजलेला कापूस. माझं काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण आज सांगते.

मला एका शिंपिणीनं शिवलं. तिचा नवरा विनोदी नट होता आणि नाटकात एका फटकळ मावशीचं काम करायचा. त्याच्या झग्याच्या आत भरायला तिनं आम्हा जुळ्या बहिणींना तयार केलं. आम्हाला लावून तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, मी तर हुबेहूब माझी आत्या दिसतोय!" त्यावर दोघंही पोट धरून हसली.

ती मावशी मला आवडायची. तिला कमी ऐकू यायचं, पण सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू यायचं. डॉक्टर तिला सांगायचा, "मावशी, आजपासून साखर बंद." ती डोळे मोठे करून विचारायची, "अगं बाई! दुकानदारांचा संप आहे का?" सभागृहातल्या बायका डोळे पुसत हसायच्या, कारण प्रत्येकीच्या घरात अशी एखादी मावशी होतीच. आम्हा दोघींचं काम एवढंच, की आमच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. लोक त्याला नावानं हाक मारायचे बंद झाले. रस्त्यातही तो मावशीच.

मग एका प्रयोगात माझा बंद तुटला. मी झग्यातून घसरत खाली आले आणि पट्‌कन रंगमंचावर पडले. त्यानं मला उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि पाठीमागे लपवलं. पुढच्या रांगेतून एक शिट्टी आली आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. तसा हशा मी आधी ऐकला नव्हता. त्यात बायकांचे आवाज कमी होते.

नाटक कंपनीचे मालक विंगेत उभे होते. "मावशी, हे ठेवायचं," ते म्हणाले.

"अहो, चुकून पडली ती."

"मग रोज चुकून पडू दे."

मी रोज पडू लागले. पुढे पुढे तो मला शोधायचं सोंग करू लागला. मग लोकांत भिरकावू लागला. कुणीतरी झेलायचं, दाबून बघायचं, शेजाऱ्याच्या तोंडावर घासायचं आणि परत फेकायचं. या सगळ्याला वेळ लागे, म्हणून नाटकातलं दुसरं काहीबाही कमी होत गेलं. साखरेचा विनोदही गेला. शिंपीण विंगेतच असायची. कपडे सांभाळणं तिच्याकडे होतं. प्रयोग संपला की माझ्या अंगावरचे बोटांचे डाग पुसायची आणि बंद पुन्हा शिवायची.

एकदा ती म्हणाली, "अहो, साखरेचं का काढलंत? लोक हसत होते की त्याला."

"हसत होते. आता लोळतात."

"पहिल्या चार रांगांत हल्ली एक बाई दिसत नाही."

"लोकांना हेच हवंय गं. मी नाही दिलं तर दुसरा कुणीतरी देईल."

"मग देऊ दे की त्याला!"

तो दिवा न मालवताच कूस बदलून झोपला.

त्याच वर्षी अंघोळ करताना तिच्या हाताला छातीतली गाठ लागली. दौरा चालू होता, तो संपेपर्यंत ती गप्प राहिली. मग तपासण्या झाल्या आणि डावी बाजू काढून टाकावी लागली.

जखम भरल्यावर एका दुपारी तिनं कपड्यांची ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. गरम पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं. माझी शिवण उसवून थोडा कापूस काढला आणि पुरचुंडीत मोहरी बांधून आत भरली. नुसता कापूस हलका पडतो, त्यानं ब्लाउज एका बाजूनं वर चढतो. वजन हातावर तोलून बघत तिनं तीन वेळा मोहरी कमीजास्त केली. माझं नाटक सुटलं आणि मी एका बाईच्या काळजाशेजारी राहायला आले.

मला लावून ती पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिली, तेव्हा तो दारात आला. बघावं की बघू नये, हेच त्याला कळेना.

तिनंच आरशातून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "असे काय उभे? अर्धं दुकान बंद झालंय. मालकीण जागेवर आहे."

तो हसला. हसता हसता रडायला लागला आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. तीही हसत होती. तिच्या बरगड्या हलत होत्या आणि त्यांच्यासोबत मीही हलत होते. ऑपरेशननंतर त्या घरात आलेलं ते पहिलं हसू.

दुसऱ्या दिवशी त्यानं मालकांना सांगितलं, "ते पाडणंबिडणं आता बंद." सहा आठवडे त्यानं शब्द पाळला. झग्यात आता स्पंजचे गोळे असायचे, ते जागच्या जागी राहिले. हशा कमी झाला. मालक रोज दारात उभे राहून निघून जाणाऱ्या लोकांची तोंडं बघायचे.

तीनशेव्या प्रयोगाला सभागृह भरलं होतं. ती आजारपणानंतर पहिल्यांदाच विंगेत आली होती. ट्रंकेवर बसून मावशी पुढच्या प्रवेशात घालते त्या कोटाला बटण लावत होती. दुसऱ्या अंकात मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पाड!" मग दहा जण ओरडले. मग पाय आपटणं सुरू झालं. तो थांबला. त्यानं विंगेकडे बघितलं. मालकांकडे बघितलं, तिच्याकडे नाही. त्या वेळी त्याच्या मनात काय आलं, मला ठाऊक नाही. मी त्याच्या अंगावर नव्हते, तिच्या होते.

त्यानं एक गोळा पाडला. छातीच्या रिकाम्या बाजूवर हात ठेवला आणि मावशीच्या किनऱ्या आवाजात म्हणाला, "अर्धं दुकान बंद झालं हो! पण मालकीण जागेवर आहे. गिऱ्हाईकांनी दुसऱ्या दारानं यावं, रांगेत यावं!"

छप्पर उडेल एवढा हशा झाला.

तिच्या हातातली सुई थांबली. हात वर आला आणि ब्लाउजवरून माझ्यावर येऊन राहिला. शेजारी उभा असलेला लाइटवाला हसत हसत तिच्याकडे वळला, एकट्यानं हसवत नाही म्हणून वळतात तसा. त्यानं तो हात बघितला आणि त्याचं हसू तिथेच मेलं. त्यानं मान खाली घातली. ते दुकान कुणाचं, हे एका माणसाला कळलं होतं. आता सगळ्यांना कळणार होतं.

अश्लील कशाला म्हणावं, यावर शहाणी माणसं वाद घालतात. मला एवढंच कळतं, की दुकान दोघांच्याही वाक्यात तेच होतं. तिच्या वाक्यात मालकीण होती. त्याच्या वाक्यात गिऱ्हाईकं आली.

तो आत आला तेव्हा घामानं निथळत होता, आणि खूश होता. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. "अगं, तोंडातून निघून गेलं."

"वाक्य माझं होतं."

"हो."

"तुम्हाला सांगितलं होतं मी ते. फक्त तुम्हाला." तिनं दात लावून दोरा तोडला आणि कोट त्याच्या हातात दिला. "जा, तुमची एन्ट्री आहे."

त्यानंतर ती थिएटरात गेली नाही. भांडलीही नाही. जेवायला वाढायची, औषधं आणायला सांगायची, पाहुण्यांची चौकशी करायची. पण त्याच्यासमोर तिनं पुन्हा विनोद केला नाही. तो वाट बघायचा, हे मला दिसायचं. मुद्दाम काहीतरी वेंधळेपणा करायचा, की ती टोमणा मारेल. ती पुसून घ्यायची, उचलून ठेवायची, आणि कामाला लागायची.

वर्षभरात आजार फुप्फुसात उतरला. दवाखान्यात तो तिच्या खाटेशी बसून हलक्या आवाजात साखरेचा जुना प्रसंग करायचा, डॉक्टरही तोच आणि मावशीही तोच. ती डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "चांगलं होतं ते." हसली नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

नाटक बंद पडलं नाही. मालकांनी दुसरा नट घेतला. तो दोन्ही गोळे पाडतो म्हणतात, आणि तिकिटं मिळत नाहीत. माझा नट घरीच असतो.

परवा त्यानं मला कपाटातून काढलं. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलं, जुनी मोहरी टाकून नवी भरली, आणि वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवण घातली. मग मला कागदात गुंडाळून तो त्याच वॉर्डात घेऊन गेला. सिस्टर ओळखीच्या होत्या. त्यांनी एका तरुण बाईच्या खाटेकडे बोट दाखवलं. तिचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

"माझ्या बायकोचं आहे," तो म्हणाला. "विकतच्यापेक्षा बरं बसतं. तिनं स्वतः केलेलं."

बाईनं हात पुढे केला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही ते मावशी ना? नाटकातले?"

त्यानं मान हलवली.

तिनं हात मागे घेतला आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. त्यानं मला सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. जाताना एवढंच म्हणाला, "ती माझ्यापेक्षा जास्त विनोदी होती."

सिस्टरनं मला त्या बाईच्या खाटेशेजारच्या कपाटात ठेवलंय. तिनं अजून ते उघडलेलं नाही. तिला घरी सोडायला दोन दिवस आहेत.

बाई, तुम्ही त्याला माफ करा असं मी म्हणत नाही. मीही केलेलं नाही. पण मी धुतलेली आहे, मोहरी नवी आहे, आणि वजन बरोबर आहे. मला घ्या.