पहिल्या रांगेतली मान

न्यायाधीशपदावर नेमण्याआधी सिनेटपुढे जी सुनावणी होते, तिला उमेदवाराच्या पाठीमागे कोण बसणार, यावर वॉशिंग्टनमध्ये उमेदवाराइतकाच खल होतो. बायको, मुलं आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले वकील. या वेळचे उमेदवार जज टॉलिव्हर. त्यांनी रोवेनाला स्वतः फोन केला. "पहिल्या रांगेत तुम्ही मुलीच बसा. कॅमेरा तिथेच असतो." रोवेना चाळिशी ओलांडलेली, पण त्यांच्या लेखी मुलगीच. राग यायला हवा होता, तो आला नाही. उलट बरं वाटलं. वकील म्हणून तिला त्यांनीच आपल्या ऑफिसात घडवलं होतं, आणि खालच्या कोर्टात न्यायाधीशाची जागा रिकामी होतेय, तुझं नाव सुचवीन, असंही ते जाता जाता म्हणाले होते.

धाकट्या बहिणीला, नडीनला, ती एवढंच म्हणाली, "जावं तर लागेल. मागे कुठेतरी बसेन."

नडीन आणि तिची बायको पेट्रा बाल्टिमोरला राहायच्या. त्यांची लेक टिली पेट्राच्या पोटची, पण ठेच लागली की धावायची नडीनकडे. अशाच एका जोडप्याच्या खटल्यात जज टॉलिव्हरांनी निकाल दिला होता, की जन्म देणारी ती आई, दुसरी म्हणजे घरात राहणारी एक प्रौढ व्यक्ती. आता ते वरच्या कोर्टात गेले की हेच आपल्याही कपाळी येणार, या भीतीने नडीनची झोप उडाली होती. "एवढं काही होत नसतं गं," असं रोवेना तिला सांगत राहिली.

सुनावणीत एका सिनेटर बाईंनी नेमकं तेच विचारलं, "मग ती दुसरी बाई त्या मुलाची कोण?"

"प्रेम करणारी कुणीतरी, मॅडम," जजसाहेब शांतपणे म्हणाले. "पण कायद्याला आई एकच दिसते."

आणि रोवेनाने मान डोलावली. त्यांच्या ऑफिसातली ती जुनी रीत होती. साहेब निकाल मोठ्याने वाचायचे, वाक्य संपलं की सगळ्यांनी माना डोलवायच्या, मग ते पुढे सरकायचे. इतकी वर्षं नंदीबैल होऊन काढल्यावर मान काही विचारून हलत नाही. पण तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. टिली डोळ्यांसमोर आली होती, आणि तरीही मान हलली.

संध्याकाळी ती बाल्टिमोरला गेली. न जाणं अधिक वाईट दिसलं असतं.

"टीव्हीवर छान दिसलीस," दार उघडत पेट्रा म्हणाली. "मागे बसणार होतीस ना?"

"ऐन वेळी पुढे बसवलं."

"पेट्रा, पुरे," आतून नडीन म्हणाली. टिली तिच्या मांडीवर बसून मॅकरोनीतले वाटाणे वेचून बाजूला काढत होती. "ये गं रो. मी हिला तेच सांगत होते. रो लहानपणापासून अशीच. चर्चमध्ये पाद्री काहीही बोलो, हिची मान हलायची, आणि मनात जेवायला काय असेल ते चालू." ती हसली, पण डोळे रोवेनावरच होते. "तू ऐकतच नव्हतीस ना, तो जज काय म्हणाला ते?"

रोवेनाला खरं सांगायचं होतं. पण बहिणीच्या तोंडावर इतकी आशा होती, की तिला स्वतःची किळस आली. बिचारीने पळवाट स्वतःच्या हाताने उघडून धरली होती. रोवेनाने होकारार्थी मान डोलावली.

"बघ," नडीन पेट्राला म्हणाली.

पेट्राने रोवेनापुढे ताटली ठेवली, तीत मॅकरोनी वाढली, नेहमीपेक्षा जास्तच.

"या घरात राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीने तुला काहीतरी विचारलंय," ती म्हणाली. "तोंडाने सांग."

नडीन वाट पाहत राहिली. रोवेनाने पुन्हा मानच डोलावली.