राजाबाई सोलापूरकर

माझा मुलगा कमलाकर शाळेत मास्तर आहे, आणि साप्ताहिकात नव्या बोलपटांवर, ग्रामोफोनच्या नव्या तबकड्यांवर लिहितो. तिकीट काढायचं का घरी बसायचं, हे लोक त्याचं वाचून ठरवतात. मी जेमतेम दोन बुकं शिकलेली. पण गाणं कुठलं आणि रडगाणं कुठलं, हे त्याला लहानपणी मीच कान धरून शिकवलं.

त्याची बायको प्रभा. तिच्यासारखा गळा सबंध सोलापुरात नाही. गेल्या माघात तबकड्यांच्या कंपनीची माणसं गाणी भरून घ्यायला आली, तेव्हा सिद्धेश्वराला जातो असं सांगून मी तिला त्यांच्या बंगल्यावर नेलं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या, दारं बंद, पंखा बंद. पोरगी घामानं निथळली, पण गायली अशी की तबलजी वाजवता वाजवता मान हलवायला लागला. कंपनीच्या माणसानं नाव विचारलं. घराण्याचं नाव नको, म्हणून मी झोकात सांगून टाकलं, राजाबाई सोलापूरकर.

माझा बेत साधा होता. कमलाकरपुढं ती कधी मोकळ्या गळ्यानं गायली नव्हती. कमलाकर कोण गातंय हे माहीत नसताना छापून तारीफ करेल, मग मी सांगेन की बाबा, ही बाई तुझ्याच चुलीपुढं बसते. मग नाही म्हणायला त्याला तोंड कुठलं? प्रभाला आणखी गायचं होतं, आणि चोरून नको होतं. एवढंच तिचं मागणं.

तबकडी आली. त्यानं तारीफ केली, हातचं काही न राखता. पण खाली लिहिलं की नावापुढं सौ. नाही, आडनाव घरंदाज नाही, तेव्हा बाई कुठल्या माडीवरची हे सांगायला नको. कुलीन घरात असा मोकळा गळा तयारच होत नाही. अंक गावभर गेल्यावर त्यानं ते मला जेवताना वाचून दाखवलं. प्रभा वाढत होती. तिनं पोळी वाढली आणि आत गेली.

आता सांगायचं कसं? सांगितलं तर त्याच्याच लेखणीनं त्याची बायको माडीवर जाऊन बसते.

रविवारी त्याचे मित्र वेणीमाधव वकील आले. तबकडी ऐकून म्हणाले, शिकवलं तर घरच्या बायकाही असं गातील. कमलाकरला ते झोंबलं. त्यानं प्रभाला हाक मारली आणि याच गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवायला सांगितलं.

"तिला पोळ्या करू दे की," मी म्हटलं. "तूच म्हण. परटाच्या गाढवाला तेवढीच सोबत."

वकील हसले. कमलाकर हटला नाही.

प्रभा दाराला धरून उभी राहिली. माझ्याकडं पाहिलं, आणि गायली. पहिल्या ओळीत सूर सोडला, दुसरीत दम तोडला, मधेच खोकली. इतकं वाईट गायला केवढा कान लागतो, ते त्या दोघा शहाण्यांना कळलं नाही.

"पाहिलंत ना?" कमलाकर खुशीत म्हणाला. "आमच्या घरची माणसं अशीच गायची. आणि तेच बरं."

या घरात मी कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं नाही. त्या दिवशी मी नुसता तांब्या उचलला.

पाण्याच्या निमित्तानं मी आत गेले. प्रभा कणीक मळत होती. मी हळूच म्हटलं, दिवाळीनंतर कंपनी पुन्हा येणार आहे, मी काहीतरी निमित्त काढते.

"आता नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "एकदा अशी गायले. आता घरात अशीच गायला पाहिजे, नाहीतर ओळखतील."

तशीच गाते. संध्याकाळी आरतीला मुद्दाम सूर सोडते, आणि कमलाकर झांजा वाजवता वाजवता हसतो. पाळण्यातल्या नातवाला ती अंगाई म्हणत नाही, नुसती थोपटते. आरतीला मी तिच्या शेजारी उभी असते. तो बेसूर मला ऐकवत नाही, आणि देवापुढून निघूनही जाता येत नाही.