ओबोची ओळ

संगीतकार नेल्स होवलँड हिवाळ्यात वारले आणि विस्कॉन्सिनच्या विद्यापीठाच्या बँडने वसंतात त्यांच्या रचनांचा अल्बम ध्वनिमुद्रित करायला घेतला. रचनांचे हक्क आता त्यांच्या मुलीकडे, मारितकडे, म्हणून शेवटच्या रचनेआधी वेस्ली क्रूपा तिच्यापाशी आला. तो बँडचा संचालक, नेल्सचा जुना विद्यार्थी.

रचनेतली मधली संथ ओळ ओबोसाठी होती. पण सनईच्या जातीचं ते नाजूक वाद्य शाळांच्या बँडमध्ये असतंच असं नाही, म्हणून नेल्सनी तीच ओळ सॅक्सोफोनच्या कागदावरही बारीक टाइपात दिली होती. ओबो नसेल तर कामी यावी म्हणून.

"म्हातारा कायम सॅक्सोफोनच घ्यायचा," वेस्ली म्हणाला. "चांगला ओबो समोर बसलेला असला तरी. हट्टीच. आता तू सांग. अल्बम निघाला की लोक तेच खरं धरणार."

मारितला कारण माहीत होतं. कॉलेजात असताना ती ओबो वाजवायची, आणि ती ओळ तिच्यासाठीच लिहिलेली होती. रचनेच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी तिने आजारी असल्याचा फोन केला आणि मैत्रिणींबरोबर तळ्यावर निघून गेली. बाबांच्या बँडमधल्या शाळकरी पोरांत बसून बापाचीच रचना वाजवायची तिला लाज वाटत होती. कार्यक्रम आटोपून बाबा सूपचा डबा घेऊन तिच्या वसतिगृहावर आले. खोलीला कुलूप होतं. डबा दाराशी ठेवून ते परत गेले. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि तिनेही नाही.

"सॅक्सोफोन," ती म्हणाली.

"मग टेसला तूच सांग. पोरीने महिनाभर हीच ओळ घोटलीय."

टेस ओबोची पत्ती ओठांत धरून ओली करत होती. मारितचा चेहरा बघताच तिने ती काढली.

"माझं काही चुकलं का?"

आपल्या चुकीची भरपाई आपण हिच्याकडून करून घेतोय, हे मारितच्या ध्यानात आलं.

"नाही गं. तूच वाजव."

काचेमागे बसून तिने ऐकलं. ओळ वर चढली, थोडी थांबली आणि इतकी सहज खाली उतरली की बाबांनी ती कशी योजली होती ते लख्ख कळलं. त्यांना ती ओबोवर एकदाही ऐकायला मिळाली नव्हती.

"पुन्हा घ्यायचं?" वेस्लीने माइकवरून विचारलं.

"नको," मारित म्हणाली. ओळ वाईट वाजली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.