फाउंडेशन

गॅरेजच्या डोक्यावर घर घेऊ नये, हे काकूंना घर घेऊन झाल्यावर कळलं. खाली एखादं इंजिन धडधडायला लागलं की वर फळीवरचे पेले एकमेकांना टकरायचे आणि काकूंचे डोळे भिंतीवरच्या भेगेकडे जायचे. भेग वाढतेय, असं त्यांचं म्हणणं. काका त्यांना वेड्यात काढायचे. जन्मभर ट्रक हाकून काका आता खाटेला खिळले होते. कंबरेखालचं सगळं गेलं होतं, जीभ तेवढी शाबूत होती.

त्या दुपारी थरथर निराळीच होती. खाली एक जुनी टॅक्सी नुसती चालू ठेवलेली होती, तरी ओट्यावरचं झाकण सरकत सरकत कडेला आलं.

"एक सिलिंडर झोपलाय," काकांनी खाटेवरून निदान केलं. "बाकीचे तिघं त्याला ओढतायत. गाडी पळताना कळत नाही, उभी असली की सगळं अंग हलतं. प्लग बघा म्हणावं."

"तुम्हाला गाडीचं पडलंय! इथे घर हलतंय," असं म्हणून काकू खिडकीशी गेल्या. खालून मिस्त्रीचा आवाज स्पष्ट येत होता.

"प्लग नवे टाकले, एअर फिल्टर साफ केला, तरी हलतंय. अहो, फाउंडेशनच गेलंय! कधी खाली बसेल नेम नाही. आज हात घातला नाही तर मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नका."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात खाली कुणीतरी इंजिन जोरात रेस केलं, फरशी पायाखाली थरारली आणि भेगेतून पोपडा सुटून खाली पडला. मग काकूंनी काही विचार केलाच नाही. दार उघडलं आणि जीव मुठीत धरून त्या जिन्याकडे धावल्या.

"अगं ए! अगं थांब!" मागून काकांची हाक आली.

काकू वळणावर थबकल्या. कठडा हाताखाली थरथरत होता. त्यांना उचलून आणायचं म्हणजे दोघंही आतच राहणार. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा मोठी. काकूंनी कानांवर हात घेतले आणि उरलेल्या पायऱ्या उतरल्या.

"बाहेर या सगळे!" त्या भर रस्त्यात उभ्या राहून किंचाळल्या. "बिल्डिंग बसतेय!"

मिस्त्री पाना घेऊन धावत बाहेर आला. "कोण म्हणालं?"

"तुम्हीच! फाउंडेशन गेलंय म्हणालात!"

मिस्त्रीने पाना खाली केला. मग टॅक्सीवाला हसला आणि सगळं गॅरेज खो खो हसत सुटलं.

"गाडीचं फाउंडेशन हो, काकू! इंजिन ज्या रबरांवर बसतं ना, ती रबरं. ह्या टॅक्सीवाल्यांनी तेलाची गळती वेळेवर बंद केली नाही. तेलाने रबर कुजलं, फाटलं. मग इंजिनाचे हादरे जिरणार कुठे? सगळे गाडीला. नवी रबरं बसवली की हलणार नाही." हसता हसता त्याने वर खिडकीकडे पाहिलं. "आणि काका कुठेयत?"

हसणं बंद झालं. काकूंना तिथे उभं राहवेना.

त्या वर निघाल्या. उतरताना वाटली होती त्याहून जास्त भीती आता वाटत होती. दार तसंच सताड उघडं होतं. काका कोपरांवर रेटा देऊन अर्धे उठलेले होते. चादर खाली गेली होती आणि कपाळावर घाम आला होता.

"घसा फोडून सांगत होतो, अगं थांब, गाडीचं असतं ते फाउंडेशन," ते धापा टाकत म्हणाले. "ऐकू नाही आलं?"

काकूंनी चादर उचलली, झटकली, त्यांच्या पायांवर नीट पसरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "काहीच ऐकू आलं नाही."

काकांनी सताड उघड्या दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तरीच," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.