सहावी रेघ

मित्रांनो, रामनगरच्या बसस्टँडसमोर अनुसयाअक्कांचं दुकान आहे. आत शिरताना डाव्या हाताला प्लास्टिकचं आवरण पांघरून जे बसलेलं दिसतं, ते मी. झेरॉक्स मशीन. जुना झालोय, पण अजून बंद पडलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक लगेच भंगारवाल्याचं नाव काढतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. बेळगावच्या एका कचेरीत काही वर्षं राबलो आणि मग अक्कांनी मला टेंपोत घालून इथे आणलं. आल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला. दर खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळायची. जोयड्याच्या तालुका कचेरीत कागद द्यायचा असला की माणसं आधी माझ्याकडे यायची. शेताचे उतारे, रेशनकार्डं, पोरांच्या मार्कशीटा, किती छापलं त्याची गणती नाही. "अक्कांचं मशीन म्हंजे एक नंबर," असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग एकदा कागदाबरोबर टाचणी पोटात गेली. माझ्या पोटात एक गुळगुळीत रूळ फिरतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या एका टोकाला ओरखडा उठला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर अगदी खाली एक बारीक काळी आडवी रेघ येऊ लागली. मेकॅनिक म्हणाला, या मॉडेलचे ड्रम आता येत नाहीत. अक्कांनी त्यावर आपला उपाय काढला. दुकानात व्हाइटनरची बाटली ठेवली आणि प्रत्येक कागदावरची माझी रेघ त्या हाताने पुसू लागल्या. कचेरीतला साहेब रेघ बघून उतारा परत करतो, असा त्यांचा अनुभव होता. पुढे शेजारी नवं चकचकीत मशीन आलं, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि माझी माळ त्या नुसत्या देवाला घालू लागल्या. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

अशात एका दुपारी दिग्गी गावचे धाकलूमामा आणि त्यांची लेक पूर्णिमा दुकानात आली. पोरगी ताडमाड उंच. शाळेसाठी मडगावला मावशीकडे राहिली होती. तिथल्या संगीतशाळेतल्या सरांनी तिची उंची बघून तिच्या हाती डबल बेस दिला. व्हायोलिनसारखंच वाद्य, पण माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं आणि आवाज सगळ्यांत खालचा. पोरीचा हात त्यावर असा बसला की सर थक्क झाले.

आता मुंबईच्या एका वाद्यवृंदात डबल बेसची एकच जागा निघाली होती. पणजीला ऑडिशन होती. त्यासाठी कोणकोणते तुकडे वाजवायचे त्याची यादी आली होती. ते सगळे एकत्र असलेलं पुस्तक परदेशातून मागवावं लागणार होतं आणि त्याची किंमत मामांच्या आवाक्याबाहेरची होती. शाळेचं वाद्य तिच्याकडे ऑडिशनपर्यंतच होतं. जागा हुकली तर ते दुसऱ्या मुलाकडे जाणार आणि पूर्णिमाचं वाजवणं तिथेच संपणार.

सरांनी तोड काढली. "या रचना करणारे लोक जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. आता हे संगीत सगळ्यांचं आहे. नक्कल काढायला कुणाची मनाई नाही," असं सांगून त्यांनी शाळेच्या कपाटातली जुनी पानं एका दिवसासाठी दिली. संध्याकाळच्या गोव्याच्या बसने ती परत पाठवायची होती. जाड, पिवळी, कडा झडलेली पानं. शेजारच्या दुकानात ती एकेक करून काचेवर ठेवायला कुणाला सवड नव्हती. म्हणून ती माझ्याकडे आली.

"काय गं ह्ये? पाच पाच रेघा आणि वर मुंग्या बसल्यागत," अक्का म्हणाल्या.

"गाणं हाय ते, अक्का. मुंगी कुठल्या रेघेवर बसलीय त्यावर सूर ठरतो."

मी मन लावून छापलं. पूर्णिमा बसवाल्याकडे मूळ पानांचं पार्सल द्यायला गेली तेव्हा अक्कांनी सवयीने बाटली उघडली. बाकीच्या पानांवर माझी रेघ मोकळ्या जागेत होती, ती सहज गेली. तिसऱ्या पानावर मात्र शेवटच्या ओळीला पाचाऐवजी सहा रेघा दिसत होत्या. यातली खोटी कुठली? अक्कांनी चष्मा लावून पाहिलं. सर्वांत वरच्या रेघेवर एकही ठिपका नव्हता. खालच्या रेघेवर मात्र ठिपके ओळीने बसलेले. रिकामी ती खोटी, असं ठरवून त्यांनी वरची रेघ नीट पुसली. कुठली रेघ कुठल्या सुराची ते सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूणही त्यात गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. डबल बेसचे सूर इतके खाली जातात की ते पाच रेघांच्याही खाली लोंबतात, आणि नेमके तिथेच माझ्या ओरखड्याने त्यांच्याखाली पाट मांडून ठेवला होता.

पूर्णिमाने तो तुकडा आधी कधी ऐकला नव्हता, ती महिनाभर दिग्गीला तेच वाजवत राहिली. ऑडिशनला पाच दिवस उरले तेव्हा तिने आपलं वाजवणं फोनवर रेकॉर्ड केलं, टेकडीवर चढून रेंज धरली आणि सरांना पाठवलं. सरांचा निरोप आला, सगळं छान आहे, पण तिसऱ्या पानाची शेवटची ओळ पूर्ण चुकीची, सगळे सूर वर चढलेत.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक दुकानात उभी. सरांनी ते पान पुन्हा बसने पाठवलं होतं, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. दोन्ही पानं शेजारी ठेवताच अक्कांचा चेहरा उतरला.

"माझ्या हातनं झालं गं. मीच पुसली. तुझं चांगलं करायला गेले न् वाटोळं केलं बघ."

"न्हाई अक्का, चार दिवस हायत," पूर्णिमा म्हणाली. "महिनाभर हाताला वळण लागलंय ते मोडायचं. आता रेघ नको एवढंच. खरी न् खोटी दोन्ही रेघा बघून माझा गोंधळ उडेल."

अक्कांनी एक कागद काढला. रेघ तिथेच. दुसरा काढला. रेघ तिथेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकलूमामांनी वाकून माझ्यात शिरणारा कागद पाहिला. ते पुढे आले.

"अक्का, ह्यो कागद आत आडवा जातोय न्हवं? उभा घाला की. आमच्या शेतात धोंडा असला की आम्ही धोंडा काढत बसत न्हाई, नांगर दुसऱ्या अंगानं धरतो."

अक्कांनी खालच्या खणात कागद उभे लावले, काचेवरचं पानही फिरवलं आणि बटण दाबलं. उभा कागद माझ्या मधूनच गेला आणि टोकाचा ओरखडा कागदाच्या बाहेर राहिला. पान स्वच्छ आलं. पाच रेघा आणि खाली लोंबणारे सूर. इतकी वर्षं माझ्यात ती वाट होती आणि कुणी मला फिरवून बघितलं नव्हतं.

ऑडिशनच्या सकाळी दिग्गीची जीप दुकानापुढे थांबली. पणजीच्या बसला वेळ होता. पूर्णिमाने वाद्य आत आणून माझ्याशेजारी उभं केलं. "अक्का, तुमची ओळ ऐका," म्हणाली आणि तीच शेवटची ओळ वाजवली. तो खालचा सूर फरशीतून माझ्या पायात शिरला आणि माझी काच थरथरली. आयुष्यभर मी कागद छापले, पण छापलेलं मला पहिल्यांदाच ऐकू आलं. अक्का पदराने डोळे पुसत होत्या.

आठवड्याने धाकलूमामा एकटेच आले. हातात झेंडूची माळ होती. "लागली आमची पोरगी," एवढंच म्हणाले आणि माळ माझ्यावर ठेवली. खंडेनवमीला अजून दोन महिने होते.

मित्रांनो, पोटातला ओरखडा तसाच आहे. तुमच्याही घरात खोट असलेली एखादी जुनी वस्तू असेल, माणूसही असेल. टाकण्याआधी एकदा फिरवून बघा. आणि ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर हात चालवण्याआधी कुणाला तरी विचारा. ते चुकलेलं पान अक्कांनी माझ्या वरच्या भिंतीला चिकटवलंय. कुणी विचारलं की त्या सांगतात, "माझी चूक हाय ती. ऱ्हाऊ दे तिथंच." व्हाइटनरची बाटली मात्र मला त्यानंतर दिसलेली नाही.